'गोचीडजन्य पुरळ' म्हणावे की आणखी काही?

प्रश्न: अमेरिकेतील मिसूरी राज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी मी एक आरोग्यपत्रक मराठीत आणत आहे. त्यात 'सदर्न टिक-असोसिएटेड रॅश इलनेस' अर्थात 'स्टारी' या आजाराचा उल्लेख आहे. त्यासाठी 'दक्षिणी गोचीडजन्य पुरळ रोग' हे नाव योग्य ठरेल का?

उत्तर: 'गोचीड' हा शब्द अचूक आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्यात गोचिडीमार्फत पसरणाऱ्या माकडतापामुळे तो गुरांच्या गोठ्याबाहेरही परिचित झाला आहे. काही जण 'पिसू' लिहितात, ते चूक आहे, कारण पिसू हा उड्या मारणारा निराळा कीटक आहे. 'दक्षिणी'ऐवजी 'दक्षिण अमेरिकी' मात्र कदापि लिहू नये, तो खंडच वेगळा.

उत्तर: माझा आक्षेप 'जन्य' या प्रत्ययाला आहे. गोचीड चावल्याने होणारा आणि असाच चट्टा उमटवणारा लाइम रोग बोरेलिया बर्गडॉर्फेरी या जिवाणूमुळे होतो, हे 1982 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले; स्टारीचे कारण मात्र अजून निश्चित झालेले नाही. बोरेलिया लोनस्टारी या जिवाणूवर काही काळ संशय होता, पण तो सिद्ध झाला नाही. लोन स्टार जातीची गोचीड, जिच्या प्रौढ मादीच्या पाठीवर एक पांढरा ठिपका असतो, ती चावल्यानंतर हा आजार दिसतो, एवढेच खात्रीने सांगता येते. म्हणून मूळ नावातील सावधपणा 'गोचीडसंबंधित' या शब्दातच उतरतो. त्याच न्यायाने 'रोग'पेक्षा 'आजार' बरा.

'पुरळ'ही मला पटत नाही. पुरळ म्हटले की घामोळे किंवा गोवर यांसारखे अंगभर उठलेले बारीक फोड डोळ्यांसमोर येतात. येथे बहुधा चाव्याच्या जागी एकच लाल चट्टा उमटतो, तो साधारण आठवडाभरात पसरू लागतो आणि 8 सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद होऊ शकतो. मधला भाग निवळला की कडेचे लाल कडे तेवढे ठळक उरते. आपल्याकडचा माणूस त्याला सहज गजकर्ण समजून मलम लावत बसेल, म्हणून पत्रकात 'चट्टा' हाच शब्द वापरून त्याचे वर्णनही द्यावे.

प्रश्नकर्ता: मग 'लाइमसदृश आजार' असे थोडक्यात लिहिले तर?

उत्तर: 'लाइमसारखा चट्टा' म्हणावे, 'लाइमसारखा आजार' म्हणताना जपावे. ताप, थकवा, डोकेदुखी, स्नायूदुखी ही लक्षणे दोन्हींत आढळतात, परंतु उपचार न झालेल्या लाइममध्ये होणारा सांध्यांचा किंवा मज्जासंस्थेचा विकार स्टारीशी जोडला गेलेला नाही. शिवाय लोन स्टार गोचीड लाइम पसरवत नाही. ते काम काळ्या पायांच्या गोचिडीचे. केवळ चट्टा पाहून दोन्हींतला फरक सांगणे डॉक्टरांनाही अवघड जाते, म्हणून चावलेली गोचीड जपून ठेवून दाखवण्याची सूचना पत्रकात अवश्य असावी.

प्रश्नकर्ता: 'गोचीडसंबंधित चट्ट्याचा आजार' असे ठरवतो. 'स्टारी' हे लघुनाम कंसात ठेवावे का?

उत्तर: ठेवावे, कारण तेथील दवाखान्यात रुग्णाला तेच नाव उच्चारावे लागेल.