टीव्ही टिकतो, त्यातली यंत्रणा जुनी होते
स्मार्ट टीव्ही घरोघरी आले की वेगळ्या स्ट्रीमिंग स्टिकची (टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाची) गरज संपेल, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी २०१७ साली घेतलेल्या टीव्हीचा पडदा आजही लख्ख आहे; मात्र त्याच्या सॉफ्टवेअरला अपडेट येणे केव्हाच थांबले, एकेक ॲप चालेनासे झाले आणि मालिका लावायची तर आईला गरगर फिरणाऱ्या गोलाकडे पाहत बसावे लागे. अखेर मागच्या एचडीएमआय पोर्टला स्टिक जोडली, तिची वायर टीव्हीच्या यूएसबीऐवजी सोबतच्या अडॅप्टरला लावली (यूएसबीतून मिळणारी वीज अनेकदा अपुरी पडते), आणि तोच टीव्ही पुन्हा कामाला लागला.

डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर बंद झाले. त्याच सुमारास रोकू या कंपनीच्या काही जुन्या स्ट्रीमिंग उपकरणांवरही ते थांबले, हे मान्य. पण स्टिक बदलणे आणि अख्खा टीव्ही बदलणे यांत खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही. गूगलने २०१३ साली आणलेल्या क्रोमकास्ट या अशाच उपकरणाचे उत्पादन २०२४ मध्ये थांबवले, तरी त्याच्या जागी पुन्हा वेगळे उपकरणच आणले. नवा टीव्ही घेणाऱ्याला आज स्टिक नको असेल. पाच-सहा वर्षांनी मात्र बहुधा लागेल.