मार्केटिंग शिकायला विद्यापीठ कशाला, या पोस्टला उत्तर

माजी विद्यार्थिनी, सदाशिव पेठ
काल इथे एका गृहस्थांनी लिहिले की मार्केटिंग आणि माध्यम संवाद हे विद्यापीठात शिकण्याचे विषयच नव्हेत, जाहिरात एजन्सीत वर्षभर उमेदवारी केली की सगळे येते, आणि पदवी फक्त लग्नाच्या बायोडेटात शोभते. शेवटचे वाक्य मला फार लागले, म्हणून सविस्तर लिहिते. मी पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात, शिकले. तिथे असताना आम्ही वाचकांच्या पाहणीसाठी मंडईत गेलो होतो. "तुम्ही वर्तमानपत्र वाचता का?" असे विचारले की जवळजवळ प्रत्येक जण हो म्हणे. सरांनी प्रश्नावली परत केली आणि प्रश्न बदलायला लावला: "काल कोणते वर्तमानपत्र हातात घेतले होते, आणि कुठे बसून?" दुसऱ्या फेरीत कांद्याच्या गाळ्यावरच्या मावशी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "काल नाही गं, परवा मिरच्या बांधायला घेतला होता तेवढाच." माणूस स्वतःविषयी सांगतो काय आणि करतो काय, यातले अंतर मला त्या गाळ्यासमोर कळले. आज ग्राहक पाहणीचा अहवाल हातात आला की मी आधी प्रश्न वाचते आणि मग आकडे. ही सवय लावायला एजन्सीत कुणालाही सवड नसते.

मूळ पोस्ट लिहिणारा, कोथरूड
ताई, मावशींची गोष्ट खरी आहे, पण ती विद्यापीठाच्या कमी फीमध्ये घडलेली गोष्ट आहे. माझ्या मुलीने शहराबाहेरच्या एका खासगी संस्थेत तीन वर्षे काढली आणि त्याचे शैक्षणिक कर्ज मी अजून फेडतो आहे. मॅकार्थीने १९६० साली मांडलेले मार्केटिंगचे चार 'पी' (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) तिला तोंडपाठ आहेत, परंतु पहिल्या नोकरीत जाहिरातीचे रोजचे बजेट ऑनलाइन कसे लावायचे, हे तिला बारावीनंतर थेट कामाला लागलेल्या मुलाने शिकवले. त्या संध्याकाळी ती घरी येऊन जेवलीसुद्धा नाही. मी कोणत्या तोंडाने म्हणू की पैसे कारणी लागले?

डिजिटल जाहिरातींत काम करणारा, बाणेर
काकांच्या बाजूने मी बोलणार होतो, कारण मीही पदवीशिवाय शिकलो. परंतु ऑनलाइन जाहिराती जिथून लावतात त्या ॲड्स मॅनेजरची मांडणी सतत बदलते आणि तेवढेच शिकलेला मुलगा दर वेळी नव्याने अडतो, हे मान्य करावे लागते. दुसरे असे की, आमच्याकडे एका इन्फ्लुएन्सरची पोस्ट 'जाहिरात' असा उल्लेख न करता जाणार होती आणि ती नुकत्याच रुजू झालेल्या पदवीधर मुलीने अडवली. जाहिरात मानक परिषदेची त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ साली आली आहेत, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे आमच्या बैठकीत फक्त तिला माहीत होते.

भाषांतरकार, शनिवार पेठ
तुम्ही फी आणि नोकरी यांवर भांडता आहात, पण या मुलांना मराठीत चार ओळी लिहिता येतात का, हे कुणीच विचारत नाही. गेल्या गणेशोत्सवाआधी एका एजन्सीकडून रात्री नऊ वाजता प्रूफ आले: "उत्सवी सवलतीचा लाभ उचला." हिंदीतले 'उठाएँ' तसेच मराठीत ओढून आणले होते. मराठीत लाभ घेतात, उचलतात ते ओझे. मी दुरुस्ती कळवली, तर उत्तर आले की लोकांना समजते, आणि फ्लेक्स तसाच छापला गेला. मी दहा दिवस लक्ष्मी रस्त्यावरून मान खाली घालून गेलो.

डिजिटल जाहिरातींत काम करणारा, बाणेर
लोकांना समजले आणि माल विकला गेला, तर जाहिरातीने आपले काम केले. प्रत्येक धाग्यात व्याकरणाचा तास नको.

भाषांतरकार, शनिवार पेठ
हा व्याकरणाचा तास नाही, हा तुमच्याच धंद्याचा प्रश्न आहे! ज्या शहरातून १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, तिथल्या ग्राहकाशी तुम्ही भाषांतरित बोलता आणि त्याने आपले मानावे अशी अपेक्षा धरता. माझी आई ऐंशी वर्षांची आहे. तो फ्लेक्स वाचून ती म्हणाली, "हे आपल्याकडचे दुकान दिसत नाही." ते दुकान तीन पिढ्यांपासून पुण्यात आहे. ग्राहक तुटतो तो असा, आणि तुमच्या क्लिकच्या तक्त्यात ते कधीच दिसणार नाही.

डिजिटल जाहिरातींत काम करणारा, बाणेर
तुमच्या आईंचे म्हणणे मला खोडता येत नाही. आमच्याकडेही मराठी मजकूर हिंदीवरूनच तयार होतो, कारण मूळ मराठीत लिहिणारे फार थोडे अर्ज करतात.

माजी विद्यार्थिनी, सदाशिव पेठ
मग दोष अभ्यासक्रमाचाही आहे, हे मी कबूल करते. खासगी संस्थांत शिकलेले माझे बहुतेक सहकारी तीन वर्षांत मराठीत एकही जाहिरात न लिहिता पदवीधर झाले. परंतु त्यावर उपाय अभ्यासक्रम सुधारणे हा आहे. उमेदवारीत तर "लाभ उचला" हेच मुलांच्या हाती पडेल.

मूळ पोस्ट लिहिणारा, कोथरूड
मुलीला हा धागा वाचून दाखवला. तिने मंडईचा प्रश्न दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली की आमच्याकडे पाहणी वर्गातच, एकमेकांचे फॉर्म भरून झाली होती. बायोडेटाचे वाक्य मी मागे घेतो. फीविषयी लिहिले त्यातले एक अक्षरही मागे घेणार नाही.