फिरकी असलेल्या प्रवाहात आउटलेटचा दाब

शिरोली एमआयडीसीतील आपल्या पंपाच्या नळीतील प्रवाहाचे संगणकावर सिम्युलेशन करताना इनलेटला (पाणी आत येण्याच्या टोकाला) फिरकी दिल्यावर आउटलेटच्या (पाणी बाहेर पडण्याच्या टोकाच्या) मध्यभागी पाणी उलटे आत का येते, असे आपण विचारले आहे. इतरांच्या प्रतिसादांत मेश (गणनेसाठी नळीतील जागेचे पाडलेले लहान कप्पे) बारीक करण्याचा सल्ला आला आहे, परंतु माझ्या मते आधी आउटलेटची अट, म्हणजे तेथे ठरवून दिलेला दाब, तपासावी.

फिरत्या पाण्याला वर्तुळाकार मार्गावर ठेवण्यासाठी दाब अक्षाकडून भिंतीकडे वाढत जावा लागतो. १०० मिमी व्यासाच्या नळीत पाणी मिनिटाला ३०० फेरे या गतीने घन वस्तूसारखे फिरत असेल, तर भिंतीलगत स्पर्शरेषीय वेग सुमारे १.५७ मीटर प्रतिसेकंद होतो आणि अक्ष व भिंत यांच्या दाबांत सुमारे १,२३० पास्कलचा फरक पडतो. आपण मात्र संपूर्ण छेदावर शून्य दाब लादला आहे, म्हणजे हा फरकच पुसून टाकला आहे.

फ्लुएंट या प्रवाह-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटलेटसाठी रेडियल इक्विलिब्रियमचा (त्रिज्येनुसार दाबाच्या समतोलाचा) पर्याय आहे. तो निवडल्यास दिलेला दाब सर्वांत लहान त्रिज्येवर धरला जातो व पुढचा दाब फिरकीनुसार काढला जातो. शक्य असल्यास आउटलेटही पुष्कळ पुढे न्यावे. फिरकी फारच तीव्र असेल तर मध्यभागीचा उलटा प्रवाह खराही असू शकतो, आणि अशा वेळी खळबळत्या प्रवाहासाठीच्या साध्या के-एप्सिलॉन मॉडेलवर विसंबू नये.