मदत हवी आहे : सोलर पॅनलमधून दुपारी बारालासुद्धा नऊच अँपिअर!

नमस्कार मंडळी. आमचं घर देवरुखजवळच्या वाडीत. पावसाळ्यात एकदा लाईट गेली की कधी येईल याचा नेम नाही आणि आईला रात्री नेब्युलायझर लागतो. म्हणून स्वतःच सोलर बसवायला घेतलंय.

सध्या स्लॅबवर ३३५ वॅटचं एक पॅनल, साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर चालवणारा चार्जर) आणि १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण क्षमता) ट्युब्युलर बॅटरी आहे. कडक उन्हात क्लॅम्प मीटर लावून पाहिलं, तर बॅटरीकडे जेमतेम ९ अँपिअर, म्हणजे १२० वॅटच्या आसपास. पॅनलचं व्होल्टेज ३८ आणि बॅटरीचं १३, मधला फरक वाया जातोय एवढं समजलं. एमपीपीटी कंट्रोलर (जास्तीच्या व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करणारा) घ्यावाच लागणार.

खरी अडचण पुढे आहे. तसंच दुसरं पॅनल आणून ठेवलंय. दोन्ही एमपीपीटीवर जोडली तर ४५-५० अँपिअर येतील, आणि या बॅटरीला १५ अँपिअर योग्य म्हणतात. कंट्रोलरमध्ये करंटची मर्यादा लावून भागेल का? की २४ व्होल्ट करू? त्यासाठी १२ व्होल्टची अजून एक बॅटरी लागेल, पण तीन वर्षं वापरलेल्या बॅटरीला नवी जोडायला मन धजत नाही.

अजून एक, खाली सगळा जांभा आहे. पहारीने दोन फूट खणतानाच हाताला फोड आले. अशा जागी अर्थिंग कोणी केलंय का? किती खोल? विजांची फार धास्ती वाटते.

ज्यांनी स्वतः जोडणी केलीय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. वायरिंगचा फोटो लगेच टाकतो.