नागपूर: आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी?

सकाळचा_कट्टा

नमस्कार मंडळी. प्रतापनगर भागातले आम्ही बारा जण. वर्गणीतून 60 हजार रुपये जमलेत. दिवाळीआधी कॅन्सर वॉर्डातल्या दहा मुलांची प्रत्येकी एक इच्छा पूर्ण करावी, एकाच दिवशी वॉर्डात छोटा कार्यक्रम घ्यावा, केक, फुगे, जमल्यास एखादा कलाकार, असा बेत आहे. हॉस्पिटलमध्ये भेटायचं कोणाला? मुलं कशी निवडायची? आणि एका इच्छेला किती खर्च धरायचा?

रक्तगट_ओ

दहा मुलं आणि एक तारीख, हे जमणार नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. दहा मुलांची वेळापत्रकं दहा. त्या दिवशी कोणाच्या तरी पेशी पडलेल्या असणारच, आणि ते पोर बाकीच्यांची मजा लांबून बघत बसणार. एका वेळी एक मूल घ्या. पुढची केमो सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधीची तारीख धरा, तोवर पेशी बहुधा सावरलेल्या असतात. आदल्या दिवशीचा सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) बघून डॉक्टर हो म्हणाले तरच निघायचं. त्यातली एएनसी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या) 500 च्या खाली असेल तर विषय संपला. 500 ते 1000 मध्ये डॉक्टर ठरवतील. त्यामुळे गाडी, तिकिटं, हॉल, सगळं ऐनवेळी पुढे ढकलता येईल असंच घ्या. मुलाला तारीख आदल्या संध्याकाळपर्यंत सांगू नका.

भेटायचं कोणाला: मेडिकल, मेयो या सरकारी हॉस्पिटलांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडे जा. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट किंवा मिहानमधलं एम्स असेल तर वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा. सोबत एक पानाचं पत्र न्या. त्यात गटातल्या माणसांची नावं आणि ओळखपत्रं, पैसे कुठून आले, फोटो काढणार की नाही, एवढं लिहा. वॉर्डात शिरून सिस्टरांना "जास्त सिरियस कोण?" असं विचारणारे गट असतात. त्यांना दुसऱ्यांदा आत घेत नाहीत, ते बरोबरच आहे. मुलाचं नाव उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच आलं पाहिजे.

मेक-अ-विश ही आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणारी संस्थाही असंच करते. 1980 मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सला ल्युकेमिया झालेला सात वर्षांचा मुलगा एक दिवसाचा पोलीस झाला, त्यातून ती संस्था उभी राहिली. भारतात ती 1996 पासून आहे आणि 3 ते 18 वयाची मुलं घेते. विमानप्रवास, क्रिकेटपटूची भेट असली मोठी इच्छा निघाली तर नाव तिकडे पाठवा, 60 हजारांत ओढाताण करू नका.

आणि "शेवटची इच्छा" हे शब्द पत्रातही नकोत, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही नकोत. लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर पुष्कळदा पूर्ण बरा होतो. आई-बाप त्याच भरवशावर तिथे मुक्काम ठोकून असतात.

चित्रवही

वरचं सगळं खरं, पण सगळ्यात अवघड काम आहे मुलाची इच्छा त्याच्याच तोंडून काढणं. दोघं जा, जास्त नको. एक जण आईशी बोलत बसेल, दुसरा मुलाशी, थोडं अंतर ठेवून. नाहीतर उत्तर आईच्या डोळ्यांकडे बघून येतं. "तुला काय पाहिजे?" असं थेट विचारलंत तर दहातली आठ पोरं "मोबाईल" म्हणतील, कारण शेजारच्या कॉटवर तोच दिसतो. कागद-रंग द्या. "उद्या सुई नाही, औषध नाही, दिवसभर काय करशील?" असं विचारा. चौघांत बसून विचारू नका. तीन इच्छा लिहून घ्या, क्रम मुलाकडूनच लावून घ्या. पहिल्या भेटीत कशालाही "हो" म्हणायचं नाही. चार-पाच दिवसांनी पुन्हा विचारा. दोन्ही वेळा टिकली ती खरी इच्छा.

भाषेचं आधी बघा. छिंदवाडा, बालाघाट, सिवनीकडची मुलं हिंदी बोलतात, गडचिरोलीच्या आतल्या गावातलं मूल गोंडी. पुस्तकी मराठीत विचारलं तर ते नुसती मान हलवेल.

स्टेरॉइड चालू असताना मूल चिडचिडं असतं, खाण्यापलीकडे काही सुचत नाही. ते दिवस टाळा. सायकल मागितली तर डॉक्टरांना आधी विचारा: व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने पावलं ढिली पडतात, प्लेटलेट कमी असताना पडणं महागात जातं. सायकल ठरलीच तर ती वॉर्डात द्यायची नाही. बाकीच्या मुलांसमोर एकालाच वस्तू मिळाली की पुढचा आठवडा सगळ्या आयांना जड जातो. गावी पोचवा. वाहतूक खर्चात धरा, आणि टीव्ही-लॅपटॉप असेल तर तिथे वीज किती तास असते तेही विचारून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर वस्तू स्वस्तच पडते. आई-बापाची त्या दिवसाची मजुरी, गाडी, सगळ्यांचं जेवण, भावंडासाठी काहीतरी (हे विसरूच नका, घरी राहिलेलं भावंड महिनोन् महिने मागे पडलेलं असतं), यानेच रक्कम फुगते. 60 हजारांत चार-पाच मुलं धरा आणि थोडे पैसे पुढे ढकललेल्या तारखेसाठी राखून ठेवा. रेल्वेची कॅन्सर रुग्णांची सवलत उपचारासाठीच्या प्रवासालाच असते, सहलीला लावू नका.

फोटोची संमती वेगळ्या कागदावर, आई-बापाला वाचता येईल अशा भाषेत. नाही म्हणाले तरी इच्छा पूर्ण होणारच, हे त्याच कागदावर लिहा. नाव आणि आजार एकत्र कुठेही टाकू नका.

तर्री_मारके

भाऊ, वाघ पाह्याचा म्हणणारं पोट्टं येतेच येते. ताडोब्याची उघडी जिप्सी नका घेऊ. धुळीत बुरशीचे कण असतात, पेशी कमी असलेल्या मुलाच्या फुप्फुसात ते बसले की फार वाईट. गोरेवाड्याची सफारी बंद काचेच्या एसी बसमधून होते, शहरातच आहे, हॉस्पिटल जवळ. गर्दीचा रविवार टाळा, सकाळची पहिली फेरी घ्या. रेल्वेवेड्या पोरासाठी मोतीबागेतलं नॅरोगेजचं संग्रहालय आहे, जुनी इंजिनं उभी आहेत. चालत्या गाडीच्या इंजिनात बसवून देतो असा शब्द मात्र देऊ नका. कलेक्टर, पोलीस व्हायचं असेल तर त्या ऑफिसला हॉस्पिटलच्या पत्रासह अर्ज द्या आणि साहेबांची बैठक मधेच लागेल हे गृहीत धरा. कपडे मापाने शिवून घ्या. केमो चालू असताना वजन बदलते, माप चार दिवस आधी घ्या.

सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) मूल असेल तर हिशेब वेगळा. आपल्या विदर्भात ही मुलं कमी नाहीत. थंड पाण्यात डुंबणं नको, पाणी सारखं पाजत राहा, उन्हात रांगेत उभं करू नका. वॉटरपार्क मागितला तर दुसऱ्या क्रमांकाची इच्छा काढा.

पिशवीत हे पाहिजेच: थर्मामीटर, उपचाराची फाइल, डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी, जास्तीचे कपडे, मास्क, ऑन-कॉल डॉक्टरचा नंबर. ताप 100.4 वर गेला की फोन लावायचा आणि गाडी हॉस्पिटलकडे वळवायची. क्रोसिन देऊन थोडं थांबून पाहू, हे बिलकुल नाही. ताप दबतो अन् इन्फेक्शन आत वाढत राहते. अँटिबायोटिक तासाभरात सुरू झालं पाहिजे. गटात कोणाला सर्दी-खोकला असेल, घरात कांजण्या असतील, तर तो माणूस घरीच.

सकाळचा_कट्टा

कार्यक्रम रद्द. एका मुलापासून सुरू करतो, या आठवड्यात मेडिकलला समाजसेवा अधीक्षकांकडे पत्र नेतो. एकच शंका: मूल वॉर्डातून बाहेर पडू शकलं नाही, इच्छा कॉटवरच करायची ठरली, तर केकसुद्धा नाही का?

रक्तगट_ओ

क्रीमचा केक नको, तो किती वेळ बाहेर होता ते कळत नाही. बंद पाकिटातला साधा कपकेक सिस्टरांना विचारून चालतो. मेणबत्ती नाही, शेजारी ऑक्सिजनची लाइन असते. ताजी फुलं, अगरबत्ती, चमकी उडवणारे फटाके हेही नाही. फुगे रबरी नकोत, फॉइलचे घ्या. मऊ खेळणं नवीन आणि धुता येईल असं. दोन माणसं, वीस मिनिटं. मूल झोपलं असेल तर उठवू नका, बाहेर बाकावर थांबा.