मदत हवी आहे: धक्क्याने एअरगनचा स्वस्त स्कोप (नेम धरायची दुर्बीण) गेला का, कसं तपासू?

छर्रा_इंदूर: ३-९x४० चा (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिमी) साधा स्कोप आहे. झीरो केला (नेम आणि छर्रा जुळवला) की थोड्याच छर्ऱ्यांत नेम सरकतो. परत करायची मुदत सोमवारी संपतेय. आतून सैल झालाय हे सिद्ध कसं करू? लवकर सांगा.

महूकर: बंदूक कुठली? ब्रेक बॅरल (नळी मोडून स्प्रिंग दाबायची) की पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी)? अंतर किती? माउंट (स्कोप बंदुकीला धरणारी पकड) कसला? यातलं काहीच लिहिलं नाहीस.

दुहेरी_झटका: स्प्रिंगवालीच असणार. पिस्टन पुढे धावताना बंदूक मागे येते, मग पिस्टन थांबताना ती पुढे फेकली जाते. रायफलचे बरेच स्कोप मागच्या धक्क्याच्या हिशोबानेच बांधलेले असतात. उलट्या धक्क्याने आतली भिंगं, क्रॉसहेअर (नेमाची फुली) हलतात. खोक्यावर एअरगनसाठी असल्याचं लिहिलंय का बघ.

शांत_नेम: भिया, पीसीपी घे. धक्का जवळपास नसतोच, कुठलाही स्कोप चालतो.

महूकर: त्याने बंदूक बदलायचं विचारलेलं नाही.

काटकोन: आधी माउंट तपास. रिंग आणि स्कोपची नळी, माउंट आणि रेल (बंदुकीवरची पट्टी), दोन्ही सांध्यांवर पांढऱ्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढ. वीसेक छर्रे मार. रेघ तुटली तर माउंट घसरतोय. ११ मिमी डोव्हटेलवर (खाचेच्या रेलवर) माउंट अडवणारी स्टॉप पिन नसेल तर हे सहज होतं. रिंगांचे स्क्रू साधारण १.७ न्यूटन-मीटरला कस, त्याहून जास्त आवळलं तर नळी चेपते.

हातोडा_चाचणी: रबरी हातोडीने नळीवर पाच ठोके मार, कळेल लगेच.

काटकोन: अजिबात मारू नकोस. बाजूचा ठोका आणि लांबीच्या दिशेचा झटका वेगळे. वर नळीला पोचा पडला की दुकानदार हात वर करणार. रिकामी बंदूकही उडवू नकोस, हवेची गादी न मिळाल्याने पिस्टन थेट आदळतो, सील फाटतं.
स्कोप उतरव आणि लाकडी व्ही-खाचेत घट्ट ठेव. १० मीटरवर आलेखकागद लाव, ३एक्स ठेव, डोळा मध्यावर. टरेट (नेम सरकवायच्या फिरक्या) फिरवून ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) क्लिकला चौकोनाची बाजू सुमारे २९ मिमी यायला हवी आणि क्रॉसहेअर मूळ चौकटीत परतायला हवा. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने टरेटवर हलकी टिचकी मार. क्रॉसहेअर उडी मारतो? तर स्कोपच्या आतली स्प्रिंग अडकतेय किंवा मेलीय. मोबाइलवर व्हिडिओ काढ, परतीला तोच पुरावा.

कायदा_आधी: .१७७ (४.५ मिमी व्यास) आणि २० जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही.

दुहेरी_झटका: हे कुणी विचारलं?

छर्रा_इंदूर: ब्रेक बॅरल, .१७७, १० मीटर, दोन रिंगा. रेघा जागच्या जागी आहेत. स्कोपशिवाय, बंदुकीच्याच साइटवर छर्रे एकत्र पडतात. वरचा टरेट मात्र अपच्या टोकाला गेलाय.

काटकोन: हे आधी सांगायचंस! ब्रेक बॅरल बंदुकीची नळी बरेचदा किंचित खाली झुकलेली असते. ती भरून काढायला टरेट टोकाला नेला की आतली स्प्रिंग ढिली पडते आणि चांगला स्कोपही भरकटतो. टरेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोज, निम्म्यावर आण. मग मागच्या रिंगेत, स्कोपच्या नळीखाली कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी घाल. ०.१ मिमी पट्टी आणि रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर १० मीटरवर छर्रा १ सेमी वर जातो. दोनपेक्षा जास्त थर नको, नळी वाकते. तेवढ्याने भागलं नाही तर ड्रूप माउंट (मागून उंच, पुढे उतरता) घे.

शांत_नेम: ड्रूप माउंट इंदूरच्या सियागंज बाजारात मिळेल का?

महूकर: तिथे टॉर्क स्क्रूड्रायव्हर मिळेल, माउंट एअरगनच्या दुकानात बघ. आणि छर्रा, पट्टी घालायच्या आधी व्ही-खाचेची चाचणी कर. सोमवारच्या आत.