ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील हुशार मुलगी शाळेत कशी टिकवावी?

प्रश्न : गुरुजी, धारूर तालुका

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दिवाळी झाली की आमच्या गावातील बरीचशी घरे मुकादमाच्या ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलमध्येच परततात. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे, जी अपूर्णांकाचे उदाहरण मी फळ्यावर पूर्ण लिहायच्या आत तोंडी सोडवते. तिच्या आईवडिलांनी उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेतलेली आहे आणि दीड वर्षाच्या धाकट्याला कोपीवर (तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर) सांभाळायला कोणीतरी हवे, म्हणून यंदा तिला बरोबर नेणार आहेत. थोरल्या मुलाला मात्र आजीजवळ ठेवणार, कारण त्याची दहावी आहे. मी घरी गेलो तेव्हा वडील म्हणाले, “गुरुजी, शिकून तरी तिला शेवटी कोयताच धरायचाय ना?” त्याहून अधिक लागले ते आमच्याच शाळेत ऐकलेले वाक्य : “या पोरांचं असंच असतं, त्यांच्यामागं कशाला वेळ घालवता?” निघायला तीन आठवडे उरले आहेत. मी आधी कोणाशी आणि काय बोलावे?

उत्तर : ऊसतोड कामगाराची मुलगी, सध्या पुण्यात परिचारिका

सर, वडिलांच्या त्या वाक्यात शिक्षणाचा तिटकारा नाही, हिशेब आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि उचलही त्याच मापाने मिळते. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली की लग्नाची घाई होते, त्यामागे हा हिशेब असतो, तशीच आईबाप फडात, म्हणजे उसाच्या शेतात, असताना कोपीत दिवसभर एकट्या राहणाऱ्या मुलीची धास्तीही असते. मी पाचवीत असताना पहाटे ते दोघे फडावर गेले की पाणी भरणे, भाकरी थापणे आणि बहिणीला काखेत घेऊन फिरणे, हाच माझा दिवस होता. एप्रिलमध्ये वर्गात पाऊल ठेवले तेव्हा बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आल्या का पाहुण्या?” त्या दिवसापासून मी मागच्या रांगेत बसू लागले आणि येत असलेले उत्तरही देईनाशी झाले. पुढच्या वर्षी आत्याने ठेवून घेतले नसते, तर आज मी हे लिहीत नसते. आपण वडिलांशी वाद घालण्याआधी आईशी बोला, आणि शिक्षणाचे महत्त्व सांगण्याआधी धाकट्याला कोण सांभाळेल आणि मुलगी रात्री कोणाजवळ झोपेल, या दोन प्रश्नांची उत्तरे घेऊन जा.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर

ताईंचा मुद्दा अगदी खरा आहे. शेतकऱ्यांच्या करातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले होते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले, पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहू लागली होती, कारण घरापासून दूर राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर शाळेचे दार उघडे असूनही गरिबाचे मूल आत येऊ शकत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतो, म्हणून ही मुलगी आजही कायद्याच्या छत्राखाली आहे. गावात हंगामी वसतिगृह (आईबाप तोडीला गेले असताना मागे राहणाऱ्या मुलांची सोय) मंजूर होते का, ते आजच केंद्रप्रमुखांना विचारा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली आहे. तिच्यासाठी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. एवढे करूनही ती गेलीच, तर शिक्षण हमी कार्ड तिच्या हाती द्या, म्हणजे कारखान्याजवळची शाळा तिला बसवून घेईल.

उत्तर : पालक, अंबाजोगाई

वसतिगृहाचे मोल मला मान्य आहे, पण सगळा भार आईबापांच्या मनोवृत्तीवर टाकू नये. शाळा जो गृहपाठ देते, तो घरात कोणीतरी शिकलेले आहे असे धरूनच दिलेला असतो. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. प्रगतिपुस्तकावर ती अंगठा उमटवायची, तेव्हा मी तो हाताने झाकून वही पुढे करत असे. ती लाज मला घराने शिकवली नव्हती, वर्गातल्या हसण्याने शिकवली होती. म्हणून गुरुजी, आपल्या सहकाऱ्यांशी बोलणे हेही याच तीन आठवड्यांतले काम समजा.

प्रश्नकर्ता : गुरुजी, धारूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. काल तिच्या आईशी ओट्यावर तासभर बोललो. पोरगी आजीजवळ भावासोबत राहायला त्यांची हरकत नाही; अडचण आहे ती धाकट्याचीच. हंगामी वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव घातले असून मुख्याध्यापकांची सहीही घेतली आहे. तिची मावशी शेजारच्या गावात असते आणि यंदा तोडीला जाणार नाही, असे कळले. धाकट्याला ती ठेवून घेईल का, हे विचारायला रविवारी मुलीच्या आईला घेऊन तिकडे जाणार आहे.